पहिल्यांदा ओर्व्हिएतोला जाताना: कातळ, विहीर, दुओमो आणि वाइन

रोमहून फ्लोरेन्सकडे साध्या गाडीने निघालात की सव्वा तासाच्या सुमारास डाव्या हाताला एक कातळ दिसू लागतो. माथा सपाट, चारही बाजूंना उभे कडे, आणि वर अख्खं गाव. हे उम्ब्रिया प्रांतातलं ओर्व्हिएतो. इटलीत डोंगरमाथ्यावरची जुनी गावं कितीतरी आहेत, पण पहिल्यांदाच असं गाव पाहणाऱ्याला मी हेच सुचवेन. इथे यायला मोटार लागत नाही. इतिहास, जेवण आणि वाइन हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. शिवाय या तिन्हींचं मूळ एकाच दगडात आहे, हे इथे डोळ्यांनी पाहता येतं.

अडचण एवढीच की बहुतेक जण सकाळी येतात, दुओमोपुढे (गावातल्या मुख्य चर्चपुढे) फोटो काढतात, जेवतात आणि चारच्या गाडीने परत जातात. मग अर्धं गाव पायाखालीच राहून जातं. तसं होऊ नये म्हणून पुढचा क्रम.

१. आधी मुक्काम ठरवा

किमान एक रात्र वर, जुन्या गावातच राहा. दोन रात्री मिळाल्या तर उत्तमच. एका दिवसाच्या सहलीला आलेले लोक संध्याकाळी उतरून गेले की गल्ल्या पुन्हा गावकऱ्यांच्या होतात, आणि जेवणाची खरी वेळही तेव्हाच सुरू होते.

खोली शोधताना पत्ता नीट वाचा. ‘ओर्व्हिएतो स्कालो’ म्हणजे खालचा, रेल्वे स्टेशनाजवळचा आधुनिक भाग. तिथली हॉटेलं स्वस्त दिसतात, पण मग दरवेळी वर-खाली करावं लागतं. वरच्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. सोबत आई-बाबा असतील तर खोली कितव्या मजल्यावर आहे ते आरक्षणाआधीच विचारून घ्या. माणशी दर रात्रीचा पर्यटक-कर वेगळा द्यावा लागतो आणि तो बऱ्याचदा रोख मागतात, म्हणून थोडे सुटे युरो जवळ असू द्या.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर निघते. डिसेंबरच्या शेवटी इथे ‘उम्ब्रिया जॅझ’ महोत्सवाचा हिवाळी भाग भरतो. संगीताची आवड असेल तर तेव्हाच या, पण खोली कित्येक महिने आधी घ्या.

२. व्हिसाचे कागद

लागतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अर्ज द्यायची वेळच मिळत नाही. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज-केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

साधारण हे कागद तयार ठेवा:

- पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- भरलेला, सही केलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, शेंगेन क्षेत्रातल्या सगळ्या दिवसांसाठी
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेची अलीकडची विवरणपत्रं आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगारपत्रकं, व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद
- दिवसवार कार्यक्रम आणि सहलीचं कारण सांगणारं छोटं पत्र

यातल्या दोन गोष्टींवर लोक अडखळतात. एक म्हणजे विम्याच्या तारखा. उतरण्याच्या दिवसापासून परत निघण्याच्या दिवसापर्यंत एकही दिवस मोकळा राहता कामा नये. दुसरी, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा. ज्या शेंगेन देशात सर्वांत जास्त रात्री काढणार, त्याच्याकडे. चार रात्री इटली आणि सहा रात्री फ्रान्स असा बेत असेल तर विमान रोमला उतरत असलं तरी अर्ज फ्रान्सकडे जातो. कार्यक्रमातल्या तारखा, हॉटेलच्या तारखा आणि विमानाच्या तारखा समोरासमोर ठेवून एकदा तपासा.

३. पोचणं आणि वर चढणं

रोमच्या तेर्मिनी स्टेशनावरून प्रादेशिक गाडीने सव्वा ते दीड तास लागतो, फ्लोरेन्सहून दोन तासांच्या वर. अतिवेगवान गाड्या बहुधा न थांबता पुढे जातात, त्यामुळे महागडं तिकीट शोधत बसू नका. प्रादेशिक गाडीचं तिकीट आयत्या वेळीही त्याच दरात मिळतं.

इथे एक सापळा आहे. कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. तिकीट फोनवर असेल तर प्रवास सुरू होताना त्यातच ‘चेक-इन’ करायचं. तिकीट विकत घेतलं पण हे राहिलं, तर तपासनीस दंड करतो आणि आपण परदेशी आहोत हे कारण चालत नाही.

स्टेशनाबाहेर पडलात की समोरच फुनिकोलारे, म्हणजे दोरावर ओढली जाणारी रेल्वे. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची; १९९० पासून विजेवर चालते. काही मिनिटांत ती तुम्हाला पियात्सा काहेन या चौकात सोडते. तिथून छोटी बस दुओमोपर्यंत जाते. सामान हलकं असेल तर पंधरा-वीस मिनिटांची चालही सुखाची आहे. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, त्यामुळे चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी बरी.

मोटारीने येणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. जुन्या गावाच्या तोंडाशी ‘झेडटीएल’ लिहिलेली पाटी दिसली की तिच्यापुढे जाऊ नका. तो मर्यादित वाहतुकीचा भाग आहे. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत घरी पोचतो. गाडी खाली कांपो देल्ला फिएरा इथल्या वाहनतळावर लावा; तिथून लिफ्ट आणि सरकते जिने वर आणतात.

४. तिकिटं आणि दुपारचं कुलूप

चार-पाच ठिकाणं पाहायची असतील तर ‘कार्ता उनिका’ हे एकत्रित तिकीट घ्या. दुओमो, विहीर, भुयारं, मनोरा ही महत्त्वाची स्थळं त्यात येतात. दोनच ठिकाणं पाहायची असतील तर सुटी तिकिटं पुरतात.

दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळात बरीच दुकानं आणि लहान चर्च बंद असतात. ही वेळ जेवणाला किंवा विहिरीला द्या. रविवारी सकाळी दुओमोत प्रार्थना चालते, पर्यटकांना दुपारनंतरच आत सोडतात. ज्यांच्या हाती फक्त रविवारची सकाळ असते त्यांची इथे फार निराशा होते. गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पियात्सा देल पोपोलोमध्ये बाजार भरतो. भाज्या, चीज, फळं, सगळं एका चौकात मिळतं. जमलं तर मुक्कामाचा दिवस असा निवडा की यातला एक बाजार पदरात पडेल.

५. आधी जमिनीखाली उतरा

माझं सर्वांत आग्रहाचं सांगणं हेच आहे. दुओमो मोह घालतो, पण तुम्ही सुरुवात खालून करा.

हा कातळ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा थिजलेला दगड, इटालियनमध्ये तुफो. कडे उभे राहण्याइतका टणक, पण हत्याराने कोरता येईल इतका मऊ. म्हणून रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या इट्रुस्कन लोकांच्या काळापासून इथली माणसं आपल्या घराखाली खोदत आली. आजवर सुमारे १,२०० पोकळ्या सापडल्या आहेत. दुओमोसमोरच्या चौकातून ‘ओर्व्हिएतो अंडरग्राउंड’ची मार्गदर्शकासह तासाभराची फेरी निघते. जुनी तेलघाणी, विहिरी आणि भिंतीत ओळीने कोरलेले शेकडो चौकोनी कोनाडे त्यात दिसतात. हे कोनाडे कबुतरं पाळण्यासाठी होते. वेढ्यात शेतावर जाता आलं नाही तरी पक्षी खिडकीतून बाहेर जाऊन चरून येत, आणि घरात मांस मिळे. इंग्रजीतल्या फेरीची वेळ सकाळीच विचारून नाव नोंदवा.

मग विहीर, म्हणजे पोत्सो दि सान पात्रित्सियो. सह्याद्रीतले गड फिरलेल्या माणसाला इथलं मर्म लगेच कळेल. आपण वर पोचलो की आधी पाण्याची टाकी शोधतो, कारण पाणी नसलेला गड लढू शकत नाही. पोप सातवा क्लेमेंट याच काळजीत होता. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं, कैदेतून निसटलेला पोप त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओर्व्हिएतोला आला. इथे वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? त्याने धाकट्या आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडे काम सोपवलं. ते पुरं झालं १५३७ मध्ये, पुढचा पोप तिसरा पॉल याच्या कारकिर्दीत.

विहीर सुमारे ५३ मीटर खोल आहे. मधल्या कूपाभोवती दोन गोल वाटा एकमेकींवर फिरत जातात, पण एकमेकींना कुठेच मिळत नाहीत. एकीने रिकामी खेचरं उतरायची, तळाशी पूल ओलांडायचा, दुसरीने पाणी घेऊन चढायचं. समोरून येणाऱ्या जनावराला वाट द्यायचा प्रश्नच नाही. ७० खिडक्यांतून उजेड आत येतो. पायऱ्या २४८, पण रुंद आणि बुटक्या, कारण त्या खेचरांच्या पावलांसाठी आहेत. उतरायला सोप्या वाटतात, चढताना मात्र दम लागतो. गुडघे दुखत असतील तर खिडक्यांच्या दोन फेऱ्या उतरून, रचना बघून परत वर या. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्या. विहीर पियात्सा काहेनच्या जवळच आहे, म्हणून पोचल्या पोचल्या किंवा निघताना बघणं सोयीचं.

याच पोपचा इथे मुक्काम असताना इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे दूत त्याच्या घटस्फोटाची रदबदली करायला या कातळावर आले होते. युरोपचं एवढं मोठं राजकारण या लहानशा गावात घडलं, हे गल्ल्यांतून फिरताना ध्यानात असू द्या.

६. दुओमो: बाहेर बसा, मग आत जा

बोल्सेना गावात १२६३ साली एका धर्मगुरूच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून रक्त ओघळलं आणि वेदीवरचं वस्त्र भिजलं, अशी श्रद्धा आहे. ते वस्त्र ओर्व्हिएतोला असलेल्या पोप चौथ्या अर्बनकडे आणलं गेलं आणि १२६४ मध्ये त्याने कोर्पुस दोमिनी हा सण सगळ्या चर्चसाठी जाहीर केला. दुओमोची पायाभरणी १२९० ची. वस्त्र आजही आतल्या एका चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थना-दालनात) आहे आणि सणाला त्याची मिरवणूक निघते. मिरवणुकीत गावकरी मध्ययुगीन पोशाखात चालतात. सण मे-जूनमध्ये येतो, तारीख दरवर्षी बदलते.

आत जाण्यापूर्वी दर्शनी भिंतीसमोर निवांत बसा. चमकणारी मोझाइकं वर डोळे खेचतात, पण ती नंतरच्या काळात पुष्कळदा बदलली गेली आहेत. खरं पाहायचं ते खाली, डोळ्यांच्या उंचीवर: शिल्पकार लोरेन्झो माइतानीच्या काळातली संगमरवरी शिल्पं. डावीकडे विश्वाची उत्पत्ती, उजवीकडे अंतिम न्याय. आदामाच्या बरगडीतून हव्वा निघते तो प्रसंग शोधा आणि नरकातल्या माणसांचे चेहरे जवळून बघा. भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतरचा उजेड सर्वांत चांगला. बाजूच्या भिंतींवर काळ्या बेसॉल्टचे आणि फिकट ट्रॅव्हर्टाइनचे पट्टे आहेत.

आत उजवीकडे सान ब्रिझियोचं चॅपेल. छताच्या चित्रांचं काम १४४७ मध्ये चित्रकार फ्रा आंजेलिकोने सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. १४९९ मध्ये लुका सिन्योरेल्ली या चित्रकाराला बोलावलं आणि पुढच्या पाचेक वर्षांत त्याने जगाच्या अंताचं चित्र भिंतीभर उभं केलं. मेलेली माणसं जमिनीतून हातांवर जोर देऊन वर येतात, तिथे प्रत्येक स्नायू वेगळा दिसतो. ख्रिस्तविरोधकाच्या (जगाच्या अंताआधी येणाऱ्या खोट्या ख्रिस्ताच्या) चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोघे जण उभे आहेत: सिन्योरेल्ली स्वतः आणि त्याच्या मागे फ्रा आंजेलिको. अर्धा तास इथे बसून काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात एक ओढणी जवळ ठेवा.

७. काय खायचं, काय विचारायचं

इथला हक्काचा पदार्थ म्हणजे उंब्रिकेल्ली: हाताने वळलेल्या, जाड, लांब शेवया, पारंपरिक रीतीने फक्त पीठ आणि पाण्याच्या. तिखट टोमॅटोच्या रश्शात त्या आपल्या जिभेला लगेच पटतात. उम्ब्रियाच्या काळ्या ट्रफलसोबत (जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीसोबत) घेतल्या तर आधी नाकाला कळतात. मांसाहारी असाल तर रानडुकराचा रस्सा आणि रानकबुतर (पालोंबा) नक्की मागा.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नये. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. सूप मागवताना ‘ब्रोदो दि कार्ने?’ असं विचारा, कारण कडधान्याच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. अंडं टाळायचं असेल तर ‘सेंत्सा उओवा’. पेकोरिनो आणि पार्मिज्यानो ही चीजं प्राण्यांच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजलेली असतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘सेंत्सा फोर्माज्यो’ सांगावं. बेकरीतल्या लुमाकेल्ले या गोल वळलेल्या पावांत चीजसोबत बहुधा डुकराचं मांसही असतं.

पाव अळणी लागला तर मीठ विसरलं असं समजू नका, उम्ब्रियाचा पाव असाच असतो. विहीर पुरी करणाऱ्या त्याच तिसऱ्या पॉलने मिठावर कर लादला आणि १५४० मध्ये पेरुजा शहराने बंड केलं. तेव्हापासून पावात मीठ नाही, असं लोक सांगतात. इतिहासकारांना ही गोष्ट तितकीशी पटत नाही. रश्शात बुडवून खाल्ला की या पावाचं कारण आपोआप कळतं.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो दिसतील. तो बैठकीचा आणि पावाचा आकार आहे, फसवणूक नव्हे. रात्रीचं जेवण साडेसातनंतरच मिळतं. लहान खानावळींत टेबल आधी सांगून ठेवा, नाहीतर शनिवारी उभं राहावं लागतं.

८. वाइन

ओर्व्हिएतो नावाची पांढरी वाइन १९७१ पासून उगमस्थानाच्या कायदेशीर संरक्षणाखाली आहे. मुख्य द्राक्षं ग्रेकेत्तो आणि त्रेब्बियानो. त्रेब्बियानोला इथे प्रोकानिको म्हणतात. लेबलावर ‘क्लासिको’ असेल तर द्राक्षं गावाभोवतीच्या जुन्या पट्ट्यातली. ‘सुपेरिओरे’ म्हणजे वेलीवर कमी फळ ठेवून केलेली, जरा भरदार. ‘सेक्को’ कोरडी, ‘आबोक्कातो’ किंचित गोड, ‘दोल्चे’ गोड.

आज बहुतेक बाटल्या कोरड्या असतात. पूर्वी मात्र ही वाइन गोडसर म्हणूनच नावाजली होती. तुफोत खोदलेली तळघरं इतकी थंड की किण्वन मध्येच मंदावायचं आणि साखर शिल्लक राहायची. सिन्योरेल्लीच्या मानधनातही वाइनचा वाटा होता. म्हणून एक पेला आबोक्कातो मागून बघाच, शक्यतो पेकोरिनोच्या तुकड्यासोबत. शरद ऋतूतल्या धुक्याने द्राक्षावर जी बुरशी चढते, तिच्यापासून केलेली ‘मुफ्फा नोबिले’ ही दाट गोड वाइनही इथे मिळते. ती जेवणानंतर, थोडीच.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत फिरलेल्यांना चाखण्याची रीत ठाऊक असेल, पण इथे न सांगता जाऊ नका. मळे गावाबाहेर आहेत आणि मालक स्वतः कामात असतो, म्हणून दोन-चार दिवस आधी ईमेल पाठवा. परतीचं वाहन आधी ठरवा; टॅक्सी रस्त्यावर हात करून मिळत नाही. मोटार चालवणाऱ्याने पिऊ नये. वर गावातही चांगली वाइन-दुकानं आहेत, काहींची तळघरं कातळात खोल गेलेली आहेत. तिथे पेल्याने चाखा. घरी न्यायची तर भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क नाही. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, विमानात हातात नेता येणार नाहीत.

९. दुसऱ्या सकाळी

कातळाच्या पायथ्याने एक वाट पूर्ण फेरी घालते, आनेल्लो देल्ला रूपे, साधारण पाच किलोमीटर. सकाळी लवकर निघा. वाटेत क्रोचिफिस्सो देल तुफो ही इट्रुस्कन दफनभूमी लागते. इ. स. पूर्व सहाव्या शतकातल्या दगडी थडग्यांच्या सरळ गल्ल्या आहेत आणि दारांच्या तुळयांवर कुटुंबांची नावं कोरलेली आहेत. तेव्हा या गावाचं नाव वेल्झ्ना होतं. रोमनांनी इ. स. पूर्व २६४ मध्ये ते उद्ध्वस्त केलं आणि माणसांना बोल्सेनाकडे हलवलं.

वेळ उरला तर वर येऊन ४७ मीटर उंच तोर्रे देल मोरो चढा, किंवा सान ज्योव्हेनाले चर्चच्या बाजूच्या जुन्या वस्तीत नकाशा बंद करून फिरा. मी दुसरं निवडेन.

चिव्हिता दि बान्योरेज्यो हे पुलावरून चालत जायचं, ढासळत चाललेलं गाव इथून बसने करता येतं. बस बान्योरेज्योपर्यंतच जाते, पुढे चालायचं, आणि चिव्हितात शिरायला तिकीट आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी ही बस धावत नाही. बाकी दिवशीही फेऱ्या मोजक्याच, म्हणून तिकीट आधीच घ्या आणि उतरल्याबरोबर थांब्यावरच्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.